फलकांचे नियम लिहिण्यापूर्वी

मुंबईतील घाटकोपरच्या छेडानगर भागात १३ मे २०२४ रोजी धुळीच्या वादळात पेट्रोलपंपावर कोसळलेल्या महाकाय जाहिरातफलकाखाली १७ माणसे मृत्युमुखी पडली आणि सत्तरांहून अधिक जखमी झाली. आणि त्यानंतर, ज्या नगरांच्या दफ्तरांत या विषयाची संचिका वर्षानुवर्षे कोणी उघडली नव्हती, तेथेही फलकविषयक नियमांत सुधारणा करण्याची एकच धांदल उडाली. आमची नगरपरिषदही त्या धांदलीत सापडली. घाईने नियम झाले, ते अमलात आले, अडले, आणि मग त्यांचा फेरविचार करण्यासाठी नेमलेल्या समितीत, स्थापत्य अभियंता म्हणून सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला एक नागरिक या नात्याने, मला बोलावणे आले. तेथे जे पाहिले, वाचले आणि ऐकले, ते अन्य नगरांतील नगरसेवकांना, मुख्याधिकाऱ्यांना आणि सार्वजनिक कामाची आस्था असणाऱ्या सर्वांना उपयोगी पडावे, या हेतूने हे लिहीत आहे. गावाचे नाव सांगत नाही. जे घडले ते कोणत्याही गावात घडू शकेल असे आहे.

पहिला मसुदा एका मोठ्या महानगरपालिकेच्या धोरणावरून उतरवून घेतलेला होता. मुंबईखेरीज राज्यातील महानगरपालिकांचा कारभार १९४९च्या अधिनियमाखाली चालतो. त्यातील कलम २४४ व २४५ ही आकाशचिन्हे आणि जाहिराती यांच्या नियंत्रणाची कलमे असून त्यांना अनुसरून शासनाने २०२२ साली स्वतंत्र नियमही केलेले आहेत. नगरपरिषदा मात्र १९६५च्या अधिनियमाखाली येतात. आमच्या मसुद्यात कलमे होती ती १९४९च्या अधिनियमातील, अधिकारपदे होती ती आमच्या आस्थापनेवर अस्तित्वातच नसलेली, आणि अंतराची जी बंधने होती ती वाहतूक नियंत्रक दिव्यांपासून मोजायची होती, जे दिवे आमच्या गावात एकाही चौकात नव्हते. असा मसुदा सर्वसाधारण सभेत एकमताने संमत झाला, कारण मुंबईच्या दुर्घटनेनंतर त्यास विरोध करणे म्हणजे माणसांच्या जिवाची पर्वा नसणे, असे वातावरण होते.

मग अंमल सुरू झाला. पालिकेचे कर्मचारी शिडी आणि पक्कड घेऊन बाजारपेठेत शिरले आणि शिंपी, घड्याळदुरुस्तीवाला, खाणावळीची मालकीण, सायकलचे पंक्चर काढणारा, अशांच्या दारावरील पत्र्याच्या पाट्या उतरवू लागले. कारण त्या हाताला येत होत्या, आणि ज्यांच्या होत्या त्यांच्यामागे वकील नव्हता. त्यांतील बहुतेक पाट्या माणसाच्या डोक्यावर पडल्या असत्या तरी खोक पडण्यापलीकडे काही घडते ना. उलट, महामार्गाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या, लोखंडी सांगाड्यावरच्या प्रचंड फलकांचे मालक न्यायालयात गेले आणि त्यांना स्थगिती मिळाली. चुकीच्या अधिनियमाखाली काढलेली नोटीस, म्हणणे मांडण्यास मुदत नाही, पूर्वीच्या परवानगीचा विचार नाही, आणि फलक कोणत्या साली उभा राहिला याची पालिकेकडे नोंदही नाही. इतकी न्यूने असल्यावर स्थगिती न मिळती तरच नवल. ज्या फलकांसाठी नियम केले होते ते जागच्या जागी राहिले, आणि ज्यांचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता त्या गरिबांच्या पोटावर मात्र त्यामुळे पाय आला. ही गोष्ट मला आजही सलते.

यावरून माझे पहिले आणि सर्वांत आग्रहाचे सांगणे असे की, नियमाचे एक अक्षर लिहिण्यापूर्वी गावातील सर्व फलकांची मोजणी करावी. समितीने तेच प्रथम हाती घेतले. प्रत्येक फलकाचे स्थान, लांबी, रुंदी, जमिनीपासूनची उंची, पायाचा प्रकार, जागेचा मालक, सांगाड्याचा मालक, परवानगीचा क्रमांक व मुदत, आणि असल्यास अभियंत्याचा दाखला, इतक्या रकान्यांची नोंदवही तयार झाली आणि प्रत्येक नोंदीस छायाचित्र जोडले गेले. ही नोंदवही पुरी झाली तेव्हा सभागृहात बसून कोणालाही न दिसलेली एक गोष्ट उघड झाली. सर्वांत मोठे फलक पालिकेच्या जागेवर नव्हतेच. कोणी पाटबंधारे खात्याच्या कालव्याच्या कडेला, कोणी बसस्थानकाच्या आवारात, कोणी देवस्थानाच्या इनामी जमिनीत, तर कोणी खासगी इमारतीच्या गच्चीवर उभा होता. घाटकोपरचा फलकही लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील जागेवर होता आणि त्यास आपली परवानगी नव्हती, असे मुंबई महापालिकेचे म्हणणे होते. जागा एकाची, सांगाडा दुसऱ्याचा, जाहिरात तिसऱ्याची आणि रस्त्यावरून जाणारे लोक कोणाचेच नाहीत, अशी जेथे स्थिती असते तेथे जबाबदारीचा माग लागत नाही. म्हणून नियमात स्पष्ट असावे की, जागेचा ताबा कोणत्याही खात्याकडे असो, सार्वजनिक रस्त्याच्या दिशेने पडू शकेल असा प्रत्येक सांगाडा नोंदविला गेलाच पाहिजे, आणि जागेचा ताबेदार व सांगाड्याचा मालक हे दोघेही उत्तरदायी राहतील. ज्या खात्यांवर नगरपरिषदेचा अंमल पोहोचत नाही त्यांच्याशी जिल्हाधिकाऱ्यांच्या मध्यस्थीने लेखी करार करून घ्यावेत. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्यावाचून बाकीचे सारे नियम कोरे राहतात.

आता माझ्या स्वतःच्या विषयाकडे वळतो. वाऱ्याचा दाब कसा काढावा हे भारतीय मानक ८७५च्या तिसऱ्या भागात दिलेले आहे. त्यात देशाचे विभाग पाडून प्रत्येकासाठी मूळ वाऱ्याचा वेग ठरविला आहे. पुण्यासाठी तो सेकंदाला ३९ मीटर, मुंबईसाठी ४४ मीटर धरतात. दाब हा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. ३९ मीटरच्या वेगास, उंची आणि आकार यांचे गुणांक बाजूला ठेवले तरी, दर चौरस मीटरला सुमारे ९३ किलोग्रॅम इतका भार येतो. मुंबईत चाळीस फूट लांब व चाळीस फूट रुंद ही फलकाची कमाल मर्यादा सांगितली जाते. तेवढ्या फलकावर या हिशेबाने सुमारे १४ टन जोर आडवा पडतो. आता त्याच फलकाची प्रत्येक बाजू तिप्पट करून तो १२० फुटांचा केला, तर क्षेत्रफळ नऊपट होते आणि जोर सव्वाशे टनांच्या घरात जातो; आणि सांगाड्याची उंचीही त्याच प्रमाणात वाढविली, तर पायाशी त्यास उलथून टाकणारा परिणाम सत्तावीसपट होतो. घाटकोपरचा फलक सुमारे १२० फूट उंच-रुंद होता, हे सर्वविदित आहे. थोडा मोठा फलक म्हणजे थोडा अधिक धोका, ही सामान्य समजूत किती घातक आहे हे यावरून ध्यानात यावे. म्हणून दंडाची आकारणी क्षेत्रफळाच्या सरळ प्रमाणात न ठेवता, मर्यादेबाहेरच्या प्रत्येक चौरस फुटास ती चढत जाईल अशी ठेवावी, असा मी आग्रह धरला, आणि तो मान्य झाला.

अभियंत्याच्या दाखल्याविषयीही बजावून सांगितले पाहिजे. संरचनेच्या स्थैर्याचा दाखला मागणे ही आता सर्वत्र रूढ बाब आहे. परंतु आम्ही जमविलेल्या दाखल्यांत कित्येक एकाच साच्याचे, केवळ फलकाचे ठिकाण बदललेले होते. पायाची खोली, मातीचा प्रकार, सांध्यांचे वितळजोड, गंजाचे प्रमाण, यांपैकी कशाचा उल्लेख नाही, गणित नाही, पाहणीची तारीखही नाही. अशा कागदाने वारा अडत नाही. दाखल्यासोबत आकडेमोड, पायाचा नकाशा आणि प्रत्यक्ष पाहणीची तारीख असलेली छायाचित्रे जोडण्याची सक्ती असावी, आणि दरवर्षी त्यांतील काही दाखले चिठ्ठ्या टाकून निवडून एखाद्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून तपासून घ्यावेत. खोटा दाखला देणाऱ्याचे नाव पालिकेच्या यादीतून काढण्याची तरतूद नियमातच हवी. ती मागाहून करू म्हटले की होत नाही.

व्याख्यांच्या प्रकरणात मी अधिक रेंगाळत नाही, पण एक तत्त्व सांगून ठेवतो. फलकावर काय लिहिले आहे यावरून त्याचे वर्ग पाडू नयेत. तो कशावर, किती उंचीवर आणि किती काळ उभा आहे यावरून पाडावेत. दुकानाच्या भिंतीला लगटून असलेली, ठरावीक मापाच्या आतील नावाची पाटी परवानगीतून पूर्णपणे मुक्त असावी. त्या शिंप्याला आणि त्या खाणावळवालीला पालिकेची पायरी चढावी लागू नये. त्यांना दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७च्या अधिनियमातील मराठी पाटीचे बंधन आहेच. २०२२च्या दुरुस्तीने ते सर्व आस्थापनांना लागू झाले असून, मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत असे त्यात म्हटले आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. हे बंधन मी मनापासून योग्य मानतो. पण त्याची तपासणी आणि फलकाच्या सुरक्षिततेची तपासणी यांची गल्लत झाली, तर पहिले सोपे म्हणून तेवढेच होते आणि दुसरे राहून जाते.

तात्पुरत्या फलकांचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण त्यामागे बहुधा नगराचे कारभारीच असतात. वाढदिवस, निवड, स्वागत, सण, श्रद्धांजली, असे कोणतेही निमित्त घेऊन चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. विजेचे खांब, दुभाजक, झाडे काही सुटत नाही. सार्वजनिक मालमत्तेच्या विद्रूपीकरणास प्रतिबंध करणारा राज्याचा अधिनियम १९९५ पासून आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी, सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवरील निकालात, बेकायदा फलकांविरुद्ध स्थानिक संस्थांनी काय करावे याचे तपशीलवार आदेश दिलेले आहेत. समितीतील एका ज्येष्ठ नगरसेविकाबाईंनी स्वतःच सुचविले की, परवानगीचा क्रमांक, मुदत आणि छापणाऱ्याचे नाव फ्लेक्सच्या कोपऱ्यात छापल्याशिवाय छापखान्याने तो देऊच नये. फ्लेक्स लावणारा रात्री येतो आणि सापडत नाही, छापणारा मात्र गावात दुकान घालून बसलेला असतो. म्हणून ही सूचना मला सर्वांत व्यवहार्य वाटली. इतर नगरांनी ती अवश्य घ्यावी, आणि छापखानदारांना आधी बोलावून, समजावून घ्यावी.

जुन्या फलकांना किती मुदत द्यावी, यावर आमच्या समितीत कडाक्याचा वाद झाला. एक पक्ष म्हणे, धोका आहे तर मुदत कसली. दुसरा म्हणे, पालिकेनेच परवानगी देऊन शुल्क घेतले, आता एका दिवसात काढा म्हणणे न्यायाचे नव्हे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. अखेर असे ठरले की, दाखला नसलेल्या व रस्त्याकडे झुकलेल्या सांगाड्याचा कपडा वा पत्रा तत्काळ उतरवावा, म्हणजे वाऱ्याला अडणारे क्षेत्रच उरत नाही. आणि सांगाडा काढण्यास मात्र रीतसर नोटीस, सुनावणी व मुदत द्यावी. जीव वाचविण्यासाठी मुळात फलकाचा पृष्ठभाग काढणे पुरते, ही साधी गोष्ट पहिल्या मसुद्यात कोणाच्या मनात आली नव्हती. तिच्यामुळे न्यायालयात पालिकेची बाजूही भक्कम होते.

उत्पन्नाचा विषय टाळता येत नाही. एकशे एकाव्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतील पंचावन्नावी नोंद वगळली गेली आणि जाहिरातींवरील कर संपुष्टात आला. उरले ते परवान्याचे शुल्क. हे शुल्क सर्वसाधारण जमेत मिसळून जाऊ देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. त्यातून तपासणीचा, मोजणीचा आणि बेकायदा सांगाडे उतरविण्याचा खर्च भागावा, आणि प्रत्येक परवानाधारकाकडून सांगाडा उतरविण्याच्या खर्चाइतकी अनामत आगाऊ घ्यावी. पैसा हाताशी नसल्यामुळे क्रेन भाड्याने आणता आली नाही, ही सबब मी माझ्या नोकरीच्या काळात फार वेळा ऐकली आहे.

तपासणीची वेळ हाही नियमाचाच भाग समजावा. नालेसफाईप्रमाणे फलकांची तपासणीही मे अखेरपर्यंत आटोपण्याचा शिरस्ता पुष्कळ ठिकाणी आहे. पण पिंपरी-चिंचवडमधील किवळे येथे महामार्गालगतचा फलक कोसळून त्याखाली आडोशाला थांबलेली पाच माणसे दगावली ती १७ एप्रिल २०२३ रोजी, आणि घाटकोपर घडले ते १३ मे रोजी. दोन्ही वेळा मृग लागायचा होता. वळवाच्या वादळाने काम केले. मान्सूनचा वारा सलग असतो, वळवाचा अकस्मात व झोताचा, आणि फलकांना तो दुसराच अधिक जाचतो. म्हणून तपासणीची अंतिम तारीख ३१ मार्च असावी, आणि त्यानंतर दाखला न आलेल्या फलकाचा पृष्ठभाग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उतरलाच पाहिजे, असे आम्ही नियमात घातले.

शेवटची तरतूद फलक उतरविण्यासंबंधी आहे, आणि ती मला कोणत्याही जुन्या नियमावलीत आढळली नाही. पुण्याच्या जुन्या बाजार चौकात ५ ऑक्टोबर २०१८ रोजी चार जणांचा बळी गेला तो वादळाने नव्हे. फलकाचे लोखंडी खांब कापले जात असताना सांगाडा रहदारीवर कोसळला होता. तेव्हा उतरविण्याचे काम परवानाधारक अभियंत्याच्या देखरेखीखाली, वरून खाली या क्रमाने, क्रेनने सांगाडा धरून ठेवून आणि फलकाच्या उंचीच्या दीडपट अंतरापर्यंत रस्ता बंद करूनच व्हावे, त्याची सूचना आदल्या दिवशी पोलीस ठाण्यास द्यावी, आणि जी पालिका स्वतः हे काम करील तिलाही हाच नियम लागू राहावा.