आठवणींची चित्रमालिका : एका लघुव्यवसायाच्या विपणनाचा अभ्यास

कपाटात जपून ठेवलेले जुने अल्बम, लग्नातील छायाचित्रे, शाळेचा गटफोटो हे सारे निवडून, स्वच्छ करून, क्रमाने मांडून संगीताच्या साथीने पडद्यावर दाखविणे हा घरबसल्या करता येण्याजोगा व्यवसाय आहे. संगणक, स्कॅनर आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर तो सुरू होतो. खरी अडचण ग्राहक मिळविताना येते. मोबाइलवर स्लाइड शो क्षणात आणि विनामूल्य तयार होत असताना त्यासाठी पैसे का मोजावेत, असा प्रश्न ग्राहकाला पडतो.

विकायचे काय?

मोबाइल छायाचित्रे एकामागून एक लावून देतो. परंतु डावीकडून तिसऱ्या उभ्या असलेल्या बाई कोण, हे तो सांगू शकत नाही. ते सांगू शकणारी आजी घरात असते आणि तिचे वय झालेले असते. तिच्याजवळ बसून नावे, गावे व साले टिपून घेणे ही या व्यवसायाची खरी सेवा होय. म्हणून जाहिरातीत आकर्षक दृश्यपरिणामांपेक्षा ‘छायाचित्रांतील माणसांच्या नावांसह’ हे शब्द अधिक उपयोगी पडतात.

ग्राहक कोठे भेटतो?

एकसष्टी, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन, लग्नाचा सुवर्णमहोत्सव, निवृत्ती समारंभ या प्रसंगी अशा चित्रमालिकेची गरज भासते. त्यामुळे मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक, निमंत्रणपत्रिका छापणारे, केटरर आणि छायाचित्रकार यांच्याशी संबंध जोडावेत. तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराई सुरू होते. तिची तयारी चातुर्मासातच करावी. महाराष्ट्राबाहेर इंदूर, बडोदे येथील मराठी कुटुंबांचे अल्बम अनेक गावी विखुरलेले असतात. ते एकत्र आणून देणाऱ्याला तेथेही वाव आहे.

दर कसा ठरवावा?

समजा, ६० छायाचित्रे प्रत्येकी ५ सेकंद दाखविली, तर चित्रमालिका ५ मिनिटांची होते. मिनिटांवर दर लावणारा व्यावसायिक मात्र तोट्यात जातो. स्कॅनिंगला ३ तास, डागदुरुस्तीला ५, माहिती घेण्यास २ आणि जुळणी व बदल यांना ४, असे १४ तास लागले आणि ताशी २०० रुपये धरले, तर श्रममूल्य २,८०० रुपये होते. प्रवास व पेन ड्राइव्हचे ४०० रुपये मिळवून खर्च ३,२०० रुपये होतो. नफा त्यावर आकारावा. छायाचित्रांची संख्या, किती वेळा बदल करून मिळतील व काम देण्याची तारीख लेखी ठरवावी. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी.

विश्वास हेच भांडवल

मूळ छायाचित्र हरवले तर त्याची भरपाई कोणत्याही रकमेने होत नाही. म्हणून शक्यतो ग्राहकाच्या घरीच स्कॅनिंग करावे. अन्यथा मोजून पावती द्यावी. एका कुटुंबाचे काम दुसऱ्यास नमुना म्हणून दाखविण्यापूर्वी लेखी संमती घ्यावी. चित्रपटगीतांना कॉपीराइट कायदा, १९५७ अन्वये संरक्षण आहे. त्यामुळे जाहिरातीसाठीच्या नमुन्यात परवानगी मिळालेले संगीतच वापरावे.

वित्तसाहाय्य

८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाविना मिळू शकते. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी विनामूल्य आहे. व्यवसायाची सर्व जमा एकाच स्वतंत्र खात्यात ठेवल्यास पुढील कर्जाच्या वेळी उलाढालीचा पुरावा हाताशी राहतो.

समारंभात चित्रमालिका पाहणारे दीडदोनशे पाहुणे हेच पुढचे ग्राहक असतात. अखेरच्या चित्रावर व्यवसायाचे नाव व दूरध्वनी क्रमांक असावा. मात्र तो क्रमांक टिपून घ्यावासा वाटणे हे आधीच्या पाच मिनिटांत आजीने सांगितलेली नावे अचूक उमटली आहेत की नाहीत, यावर अवलंबून राहते.