श्वासाचा वास आणि रोगाची चाहूल



तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की आंबूस वास येतो, आणि उतारा घटणार हे आपण यंत्राविना ओळखतो. माणसाच्या श्वासाचेही काहीसे तसेच आहे. १९७१ साली अमेरिकेत लायनस पॉलिंग यांनी उच्छ्वास थंड नळीत गोठवून तपासला, तेव्हा त्यात सुमारे २५० उडून जाणारे पदार्थ निघाले.

त्यांतला ॲसिटोन आपण नीट समजून घेऊ. इन्शुलिन फार कमी पडले की रक्तात साखर असूनही शरीराला ती वापरता येत नाही. मग चरबी जळू लागते, तिच्यातून ॲसिटोन होते आणि फुप्फुसावाटे बाहेर पडते. श्वासाला पिकल्या फळासारखा वास येतो. जोडीला उलट्या, पोटदुखी, खोल धापा, गुंगी असेल तर जिवाला धोका समजावा. अशा माणसाला ‘घेतलीय’ म्हणून ओट्यावर निजवू नका. लेकरांनाही हे होते. धडगावकडच्या पाड्यांवरून नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात यायला वेळ लागतो. सकाळची वाट न पाहता निघावे. काहींच्या नाकाला हा वास कळतच नाही, बरं का! तेव्हा वासावरच विसंबू नये, रक्तातली साखर तपासावी.

नुकती व्यालेली गाय खाईना, दूध तुटले आणि तोंडाला असाच वास आला, तर पशुवैद्यांना बोलवावे. तिथेही चरबीच जळत असते.

क्षय, कर्करोग श्वासावरून ओळखण्याचे संशोधन चालू आहे. पण दोन आठवडे खोकला असेल तर आम्ही सांगू, थुंकीच तपासून घ्या.