शाळा संपायच्या आत बोलू या

आईबाबांनो, तुमच्यापैकी बरेच जण मला पहिल्यांदा भेटतात तेव्हा मुलगा सतरा-अठरा वर्षांचा झालेला असतो. विशेष शाळेने सांगितलेलं असतं, की आता नाव कमी करावं लागेल. मग धावाधाव सुरू होते. कार्यशाळा कुठे आहे, जागा आहे का, गाडी घ्यायला येते का? मी अशाच एका कार्यशाळेत शिकवते. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, डाऊन सिंड्रोम असलेली मोठी मुलंमुली आमच्याकडे असतात. तुम्ही समोर बसून विचारता, "मॅडम, याला काय काय शिकवाल?" माझं उत्तर तुम्हाला फारसं आवडत नाही, हे मला दिसतं. पणत्या रंगवायला, फायली चिकटवायला, उटण्याची पाकिटं भरायला मी शिकवीन. पण गजर झाला की स्वतः उठणं, डबा भरून घेणं, परत आल्यावर तो घासून ठेवणं हे घरातच शिकायचं असतं आणि त्याची सुरुवात दहाव्या-अकराव्या वर्षी व्हायला हवी.

आमच्या मुलांची नोकरी सुटते ती बहुतेक वेळा काम येत नाही म्हणून नाही. कुणी आवाज चढवला की मुलगा न सांगता उठून चालू लागतो, म्हणून सुटते. मुलीला पाळीच्या दिवसांत पॅड स्वतः बदलता येत नाही, म्हणून सुटते. आणखी एक कारण आहे, ते बोलायला अवघड वाटतं, पण बोललंच पाहिजे. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मिठी मारायला, पापी द्यायला आपण या मुलांना लाडाने सांगतो. सहाव्या वर्षी सगळे हसतात. बाविसाव्या वर्षी तेच त्याने हॉटेलच्या स्वयंपाकघरातल्या सहकारी मुलीशी केलं, तर दुसऱ्या दिवशी त्याला येऊ नको म्हणतात आणि त्याला तर आपलं काय चुकलं तेही कळत नाही. नमस्कार करणं, हात मिळवणं एवढंच लहानपणापासून शिकवा. मुलींच्या बाबतीत तर हे तिच्या सुरक्षिततेसाठीही हवं.

"पण मॅडम, त्याला दहापर्यंत मोजताच येत नाही," असं एक बाबा परवा म्हणाले. म्हणून मी त्यांना दिवाळीच्या कामाच्या टेबलाशी घेऊन गेले. तिथे एक फळी असते, तिच्यावर पणतीच्या तळाएवढे दहा गोल खोबणीसारखे कोरलेले. मुलगा एकेका खोबणीत पणती ठेवतो. सगळ्या खोबणी भरल्या, की फळी उचलून पुढच्या मुलीकडे देतो आणि ती पणत्या खोक्यात भरते. एकही खोबण रिकामी दिसली तर तो फळी सोडत नाही. खोक्यात दहाच पणत्या जातात, नऊ नाही की अकरा नाही. दहा हा आकडा त्याला आयुष्यात कधी आला नाही तरी पॅकिंगचं काम त्याला येतं. व्यवसाय प्रशिक्षण म्हणजे मुख्यतः हेच, काम मुलाच्या आवाक्यात आणणं. घरीही करून पाहा. चार ताटं मांडायची असतील तर टेबलावर चार चौकटी आखा. चहाचं माप म्हणून एका कपाला लाल चिकटपट्टी लावा. सूचना तीनदा ओरडून सांगण्यापेक्षा कामाची चित्रं ओळीने भिंतीवर लावा. बऱ्याच स्वमग्न मुलांना तर बोललेल्यापेक्षा दिसलेलं नेमकं कळतं.

प्रवासाचंही तसंच. एका आईने आपल्या मुलीला बसने एकटं यायला कसं शिकवलं, ते मी जवळून पाहिलं आहे. आधी दोघी शेजारी बसत. मग आई दोन सीट मागे बसू लागली. मग दुसऱ्या दाराने चढू लागली, मुलीला ओळख न देता. पुढे ती मागच्या बसने येई आणि मुलगी पोचल्याचा माझा फोन येईपर्यंत तिचा जीव टांगणीला लागलेला असे. मुलीच्या गळ्यातल्या कार्डावर नाव, थांबा आणि आईचा नंबर होता. बस वेगळ्याच रस्त्याने गेली तर काय करायचं, याचीही त्यांनी रंगीत तालीम केली होती: जागेवरून उठायचं नाही, कंडक्टरला कार्ड दाखवायचं. याला बरेच महिने गेले. पण ज्या मुलांना एकट्याने प्रवास जमतो, त्यांच्यासाठी कामाच्या जागा कितीतरी वाढतात, कारण आईला सोडायला-आणायला वेळ आहे का यावर मग नोकरी अडत नाही.

आता कागदपत्रांचं. 1995 च्या कायद्यात सरकारी नोकऱ्यांत 3 टक्के आरक्षण होतं, पण ते अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग व्यक्तींपुरतं. आपल्या मुलांचा त्यात समावेशच नव्हता. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले आणि आरक्षण 4 टक्के केलं. त्यातला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी मिळून आहे. त्यासाठी प्रमाणपत्रावर किमान 40 टक्के दिव्यांगत्व हवं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, काढलं नसेल तर पहिलं काम ते करा. "लग्नाला बहीण आहे, कशाला शिक्का मारून घ्यायचा" म्हणून ते टाळणारी घरं मी पाहते, तेव्हा मला फार वाईट वाटतं. त्या कार्डावाचून मुलाच्या हक्काची बहुतेक दारं बंदच राहतात.

मूल 18 वर्षांचं झालं की कायद्याने ते सज्ञान होतं आणि त्याच्या वतीने तुमची सही आपोआप चालत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालकत्व देते. ज्याला आधाराची गरज आहे त्याच्यासाठी हा अर्ज वेळेत करा. याच न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतची, तीही घ्या. मुंबईत सायनला केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे, जुनी मंडळी त्याला अजून जुन्या नावाने व्हीआरसीच म्हणतात. तिथे मुलाला काय जमतं याची चाचणी होते आणि नोकरीसाठी नावनोंदणीही होते.

ज्यांच्या मुलांना बौद्धिक अडचण नाही, फक्त दिसत नाही किंवा चालता येत नाही, त्यांची वाट वेगळी आहे. त्यांना पूर्ण शिकवा, वर्कशॉपमध्ये अडकवू नका. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील दृष्टिहीन असूनही स्पर्धा परीक्षा देऊन आयएएस झाल्या. संगणकाचा पडदा वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि ते मराठीही वाचतं.

सरकारी जागा मोजक्या आहेत. त्यामुळे आपल्या बहुतेक मुलांना काम मिळेल ते हॉटेलात, बेकरीत, दुकानात, गोदामात. जुहूला 2018 मध्ये सुरू झालेल्या कॅफे अर्पणमध्ये ऑर्डर घेणारी आणि पदार्थ करणारी बहुतेक मंडळी आपल्या मुलांसारखीच आहेत. लेमन ट्री हॉटेलांतही डाऊन सिंड्रोम असलेली मुलं काम करतात. गावाकडचे पालक म्हणतात, आमच्याकडे असलं काही नाही. त्यांना मी नसीमा हुरजूक यांच्या संस्थेचं उदाहरण देते. कोल्हापूरच्या या संस्थेने सिंधुदुर्गात शारीरिक अपंगत्व असलेल्यांसाठी काम उभं केलं, ते काजूप्रक्रियेचं, कारण काजू तिथलाच. तुमच्या गावात जे पिकतं, विकतं, त्यातच काम शोधा. रोपवाटिकेत पिशव्या भरणं, अंडी गोळा करून ट्रेमध्ये लावणं, भावाच्या किराणा दुकानात मालाच्या पुड्या बांधणं. मात्र त्याला कामाची ठरावीक वेळ द्या, ठरावीक सुट्टी द्या आणि महिन्याला पैसे त्याच्या हातात द्या. घरचाच आहे म्हणून राबवून घेणं हे मला मुळीच मान्य नाही.

पैशांबद्दल तुम्ही म्हणता, "त्याच्या मानधनापेक्षा रिक्षाच महाग पडते." खरं आहे ते. तरीही ते मानधन त्याच्या नावच्या खात्यात जमा होऊ द्या आणि त्यातले थोडे त्याला त्याच्या मनाने खर्च करू द्या. आमच्याकडच्या एकाने पहिल्या पैशांतून आजीसाठी चष्म्याची डबी घेतली होती, घरच्यांना ती अगदी बिनकामाची वाटली. त्याने दुकानदाराला नोट दिली होती, सुटे मागून घेतले होते आणि पावती जपून आणली होती. हे तिन्ही मी त्याला वर्गात खोट्या नोटा देऊन शिकवत होते, तेव्हा त्याला काही केल्या जमत नव्हतं.

कार्यशाळा बघायला जाल तेव्हा दिवाळी प्रदर्शनाचे फोटो बघून भुलू नका. मागच्या काही वर्षांत इथून किती जण बाहेर कामाला लागले, ते विचारा. मुलगा नोकरीवर रुजू होताना त्याच्याबरोबर कुणी प्रशिक्षक जातो का, किती आठवडे थांबतो, नोकरी सुटली तर मुलाला परत घेता का, हेही विचारा. मग तिथे काम करणाऱ्या एखाद्याशी बोला. त्याला विचारा, "तुला इथलं कुठलं काम आवडत नाही?" उत्तर देण्याआधी तो बाईंच्या तोंडाकडे बघत असेल, तर दुसरी कार्यशाळा शोधा.