पूर्वजांची भाषा, पूर्वजांचे गाव

हिंदी महासागरातील मॉरिशस या बेटावर १९९० व २००० साली ज्या जनगणना झाल्या, त्यांत भाषेविषयी दोन निरनिराळे प्रश्न विचारण्यात आले होते. घरात कोणती भाषा बोलली जाते, हा एक. आणि पूर्वजांची भाषा कोणती होती, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला ‘क्रेओल’ असे उत्तर देणारी कितीतरी कुटुंबे दुसऱ्या प्रश्नापुढे ‘मराठी’ अशी नोंद करवीत. जी भाषा चुलीपाशी ऐकू येत नाही, मुले ज्या भाषेत भांडत नाहीत, ती आपली आहे असे सरकारदरबारी लिहून घेण्यात विसंगती आहे असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. भाषाशास्त्रज्ञ तर अशा उत्तराला पुरावा म्हणून फारसे महत्त्व देणार नाही. परंतु ज्यांच्या पणजोबांच्या पणजोबांनी मुंबई बंदर सोडले, त्यांच्या स्वाभिमानाचा शोध घ्यावयाचा, तर या दुसऱ्या उत्तरापासूनच आरंभ करावा लागेल.

मॉरिशस येथे फ्रेंचांची सत्ता १८१० साली संपुष्टात आली व बेट इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८३५ साली तेथील गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. उसाचे मळे मात्र राहिले, आणि त्यांना मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलास’ नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून छत्तीस मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. त्या दिवसापासून सुरू झालेल्या या ओघाने १९२० सालापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे भारतातून त्या बेटावर नेली. बहुसंख्य मजूर बिहार व त्याच्या आसपासच्या प्रदेशातील होते. मद्रास बंदरातून तमिळ व तेलुगू भाषक गेले. आणि मुंबईहून, विशेषतः एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, कोकणातील व काही प्रमाणात देशावरील मराठी माणसे गेली. मुंबईचा वाटा तिन्ही बंदरांत सर्वांत लहान. आजही मॉरिशसच्या बारा-साडेबारा लाख लोकसंख्येत मराठी समाज जेमतेम दोन टक्क्यांच्या घरात आहे.

करार पाच वर्षांचा असे. आरंभीच्या काळात पुरुषाला दरमहा पाच रुपये व शिधा मिळे. एक दिवस कामावर गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापण्याची रीत होती. मजुरांमध्ये ती ‘दुहेरी काट’ म्हणून कुप्रसिद्ध होती. कराराच्या अखेरीस मालकाच्या खर्चाने मायदेशी परतण्याची जी सवलत प्रारंभी होती, ती १८५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच काढून घेण्यात आली. ही एक गोष्ट नीट लक्षात ठेवावयास हवी. परतीचे भाडे स्वतः भरावयाचे, आणि पगार पाच रुपये! आलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश माणसे कशीबशी परतली. उरलेली राहिली, आणि त्यांचे राहणे हे बहुतेकांच्या बाबतीत निवड नव्हे, तर हिशेबाचा परिणाम होता.

त्या प्रवासात जे हरवले, त्यात आडनाव ही पहिली वस्तू. पोर्ट लुईच्या धक्क्यावर ज्या ठिकाणी मजुरांची नोंद होई, ते स्थान आज ‘आप्रवासी घाट’ या नावाने ओळखले जाते. २००६ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारशात समावेश केला. तेथील दगडी सोळा पायऱ्या चढून माणूस वर आला, की कारकून त्याचे नाव आणि बापाचे नाव लिहून घेई. कोकणातील शेतकऱ्याला गावात आडनाव लावण्याचे प्रसंग मुळातच थोडे. त्याने नाव सांगितले, तेच पुढे कुटुंबाचे नाव झाले. म्हणून आजच्या मॉरिशसमध्ये रामजी, बाबाजी, बापू ही मराठी घराण्यांची आडनावे आहेत. ती लिहिली जातात रोमन लिपीत, आणि तीही फ्रेंच वळणाच्या उच्चारांना सोयीची अशी. महाराष्ट्रातील वाचकाला ही नावे आडनावे म्हणून चमत्कारिक वाटतील. पण आडनावाच्या जागी एका सामान्य मजुराचे नाव पिढ्यान् पिढ्या चालत राहावे, हा त्या माणसाचा एका अर्थी मोठाच सन्मान होय. महाराष्ट्रातल्या किती घराण्यांना १८५० सालच्या आपल्या खापरपणजोबाचे नाव ठाऊक असते?

हरवलेली दुसरी वस्तू भाषा; परंतु ती एकदम हरवली नाही. मळ्यांवरील वस्त्यांत बिहारी मजुरांचे प्राबल्य असल्यामुळे भोजपुरी ही सर्वांची समाईक बोली झाली, आणि मराठी माणसांनीही ती उचलली. पुढे शाळा, बाजार व शहर यांच्या संपर्कात क्रेओल आली. फ्रेंच शब्दांच्या आधारे गुलामांच्या वस्त्यांत घडलेली ही भाषा आज बेटावरील बहुसंख्य लोकांची बोलभाषा आहे. मराठी मागे पडत पडत गाण्यांत, आरत्यांत, नात्यांच्या शब्दांत आणि सणांच्या नावांत शिल्लक राहिली.

सणांत अर्थातच गणेशोत्सव प्रमुख. मॉरिशसमध्ये त्याचा आरंभ १८९६ साली ऑंरिएता या गावी भिवाजी कुटुंबाच्या घरी झाला असे सांगण्यात येते. आज गणेशचतुर्थी ही त्या देशात सार्वजनिक सुटी आहे. दोन टक्के लोकांच्या सणासाठी सर्व देशाने काम बंद ठेवावे, यातून त्या समाजाचे स्थान स्पष्ट होते. या उत्सवात पायांत घुंगरू बांधून, फेर धरून जे नृत्यगायन होते, त्याला तेथील मराठी ‘झाकरी’ म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वाचक हा शब्द ऐकताच आपली ‘जाखडी’ ओळखतील. शब्दाचे एक-दोन वर्ण प्रवासात झिजले, फेर मात्र टिकला.

येथे कोकणाशी एक तुलना करण्याजोगी आहे. त्याच काळात, त्याच गावांतून माणसे मुंबईच्या गिरण्यांकडेही जात होती. मुंबईचा चाकरमानी वर्षभर खोलीत दाटीवाटीने राहतो आणि गणपतीला गावी जातो. पूर्वी बोटीने, मग एस.टी.ने, आणि १९९८ नंतर कोकण रेल्वेने, पण जातो. मूर्ती गावच्या घरात बसते आणि माणूस तिच्याकडे येतो. मॉरिशसला गेलेल्या त्याच्या चुलत्याला हा मार्ग बंद होता. त्याला मूर्ती आपल्याकडे आणावी लागली. घराकडे जाता येत नाही म्हणून घराचे जे काही होते ते सणाच्या दहा-अकरा दिवसांत गोळा करून ठेवणे, ही त्या उत्सवामागची प्रेरणा आहे. केवळ धार्मिक श्रद्धेने तिचे पूर्ण स्पष्टीकरण होत नाही.

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले. त्यानंतर १९७० साली भारत व मॉरिशस यांच्या सहकार्याने मोका येथे महात्मा गांधी संस्थेची उभारणी सुरू झाली. तेथे मराठीचे अध्यापन होते. प्राथमिक शाळांतून मराठी हा ऐच्छिक विषय आहे, नभोवाणी व दूरचित्रवाणीवर मराठी कार्यक्रम होतात, दरवर्षी मराठी नाट्यस्पर्धा भरते. गावोगावच्या मंडळांना एकत्र आणणारे मॉरिशस मराठी मंडळी फेडरेशन आहे. १९९१ साली दुसरी जागतिक मराठी परिषद मॉरिशसमध्ये भरली. एप्रिल २०२३ मध्ये तेथे छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. महाराष्ट्राचे तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. अभिमानाची ही सारी साधने आता हाताशी आहेत. तरीही एक इच्छा त्यांनी भागत नाही. ती म्हणजे प्रत्यक्ष जाऊन गाव पाहण्याची.

या इच्छेचे स्वरूप समजण्यास दूरच्या एका समाजाचे उदाहरण उपयोगी पडेल. कॅरिबियन समुद्रातील हैती हा देशही उसाच्या मळ्यांतून घडला आणि त्याचीही लोकभाषा फ्रेंचपासून निघालेली क्रेओलच आहे. तेथील गुलामांनी बंड करून १ जानेवारी १८०४ रोजी स्वातंत्र्य मिळविले. आज न्यूयॉर्क, मायामी, मॉंट्रिऑल येथे हैतीच्या लोकांच्या मोठ्या वसाहती आहेत. दर १८ मे रोजी, राष्ट्रध्वजाच्या दिवशी, तेथील रस्ते निळ्या-तांबड्या झेंड्यांनी भरून जातात. हे लोक घरी जे पैसे पाठवितात, ते देशाच्या उत्पन्नाच्या सुमारे एक पंचमांशाएवढे भरतात. देशाचे नऊ विभाग होते त्या काळात परदेशस्थ हैतीवासीयांना ‘दहावा विभाग’ म्हटले जाई. त्यांना आपले घर ठाऊक आहे. गल्ली ठाऊक आहे, दार उघडणारी आत्या ठाऊक आहे; पण जाता येत नाही. जुलै २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांची हत्या झाली, राजधानी सशस्त्र टोळ्यांच्या हाती गेली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये विमानांवर गोळीबार झाल्यानंतर अमेरिकेतून राजधानीकडे होणारी उड्डाणे थांबली.

मॉरिशसच्या मराठी माणसाची अडचण याच्या नेमकी उलट आहे. त्याचा रस्ता मोकळा आहे. मुंबई विमानाने काही तासांच्या अंतरावर आहे. मार्च २०२४ मध्ये भारताने मॉरिशसच्या भारतीय वंशाच्या लोकांसाठी विशेष तरतूद करून सातव्या पिढीपर्यंत परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे ओळखपत्र देण्याचे जाहीर केले. सगळी दारे उघडी आहेत, फक्त त्यांपैकी आपले कोणते हे ठाऊक नाही.

त्यामुळे बहुतेक जण जेथे पत्ता लागत नाही अशा स्थळांना जातात. पंढरपूर, कोल्हापूर, रायगड ही सर्वांची स्थळे आहेत; तेथे वंशावळ मागितली जात नाही. अशा यात्रांचे मोल कमी नाही. मात्र यजमानांकडून एक सूक्ष्म दुखापत होत असते, तिचा उल्लेख केला पाहिजे. पाहुण्याचे मराठी ऐकून कौतुक होते, त्यातील चुका ऐकून हसू येते, आणि ‘आडनाव काय?’ हा आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न विचारला जातो. ‘रामजी’ हे उत्तर मिळाल्यावर पुन्हा विचारणा होते: ते नाव झाले, आडनाव काय? प्रश्नामागे बहुधा कुतूहलच असते. पण त्यात जात, गाव, भाऊकी असे सगळे दडलेले असते, आणि दीडशे वर्षांपूर्वी एका कारकुनाने जे लिहून घेतले नाही, त्याचा जाब नातवाला द्यावा लागतो. ज्या समाजाने परक्या मुलखात जातींच्या भिंती पुष्कळशा सैल करून ‘मराठी’ या एका नावाखाली राहण्याचा मार्ग काढला, त्याला मायभूमीत पाऊल ठेवताच त्या भिंतींपाशी उभे करावे, हे शोभणारे नाही.

ज्यांना त्या प्रश्नाचे उत्तर खरोखरच हवे असते, ते प्रथम मोका येथील संस्थेत जातात. आप्रवासाची मूळ नोंदणी-पुस्तके तेथे जतन करून ठेवली आहेत. प्रत्येक मजुराला एक क्रमांक असे. त्या क्रमांकापुढे नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, जहाज, गाव, परगणा व जिल्हा अशा नोंदी सापडतात. १८६० नंतरच्या दशकांतील काही जणांची छायाचित्रेही आहेत. पुष्कळांना आपल्या पूर्वजाचा चेहरा पहिल्यांदा या पुस्तकांतून दिसला आहे. कुटुंबात क्रमांक जपलेला असेल तर काम सोपे, नाहीतर एकाच नावाच्या कितीतरी माणसांतून आपला माणूस ओळखावा लागतो.

गाव सापडले तरी ते नकाशावर सापडेल असे नाही. मराठी उच्चार, इंग्रजी लेखन आणि त्यावर फ्रेंच कानांचा संस्कार, असे तीन थर नावावर चढलेले असतात. कोकणात माणूस राहतो वाडीत, आणि वाडीचे नाव पुस्तकात नसते. एकाच नावाची गावेही अनेक. नांदगाव कणकवली तालुक्यात आहे, तसे मुरूडकडेही आहे. शिवाय जिल्ह्यांच्या सीमा बदलल्या. पुस्तकातील ‘रत्नागिरी’ म्हणजे आजचा रत्नागिरी जिल्हाच असेल असे नव्हे, कारण १ मे १९८१ रोजी त्याचा दक्षिण भाग वेगळा काढून सिंधुदुर्ग जिल्हा करण्यात आला. सावंतवाडी तर त्या काळी स्वतंत्र संस्थान होते. म्हणून एका नोंदीसाठी दोन जिल्ह्यांत शोध घ्यावा लागतो.

या कामाचा दुसरा अर्धा भाग महाराष्ट्रात आहे, आणि तो मॉरिशसहून आठ-दहा दिवसांच्या रजेवर आलेल्या माणसाने एकट्याने उरकण्याजोगा नाही. मुंबईच्या पुराभिलेखागारात जुन्या मुंबई इलाख्याची कागदपत्रे आहेत. तालुक्याच्या ठिकाणी जमिनीचे जुने दप्तर आहे. आणि गावात म्हातारी माणसे आहेत. आपल्या घराण्यातला कुणी एक जण ‘तांबड्या समुद्रापलीकडे’ किंवा नुसताच ‘मिरचीच्या बेटावर’ गेला तो आलाच नाही, असे काही त्यांनी आजीकडून ऐकले असण्याचा संभव असतो. मॉरिशसला त्या काळी हिंदुस्थानी मजूर ‘मिरिच’ म्हणत. गावात चौकशी करावयाची झाल्यास हा शब्द उच्चारून करावी. ‘मॉरिशस’ म्हटल्याने कुणाला काही आठवणार नाही.