गर्भारपणातील मूर्च्छा

गर्भवती स्त्रीला एकाएकी भोवळ येणे ही तशी नवी गोष्ट नव्हे. घरातील मंडळी बहुधा तिच्याकडे दुर्लक्ष करतात किंवा तिचा संबंध दृष्ट लागण्याशी जोडतात. दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. पुष्कळदा ही भोवळ निरुपद्रवी असते. पण कधीकधी ती गंभीर विकाराची पूर्वसूचनाही ठरते. या दोहोंतील भेद ओळखण्यासाठी मूर्च्छेचे कारण समजून घेणे अवश्य आहे.

रक्ताभिसरणाचा तोल

मनुष्य निजलेला असता उठून उभा राहिला, की सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय व पोटाच्या शिरांत उतरते. तेवढ्यापुरते हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. ही उणीव स्वायत्त मज्जासंस्था क्षणार्धात भरून काढते. आपल्या इच्छेवाचून हृदय, रक्तवाहिन्या व आतडी यांचे नियमन करणारी ही यंत्रणा होय. मानेतील रोहिण्यांमधील दाबसंवेदकांकडून इशारा मिळताच ती रक्तवाहिन्या आकुंचित करते व नाडीची गती वाढवते. हा प्रतिसाद अपुरा पडला, तर मेंदूला रक्त कमी पोचते. डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम फुटतो आणि शुद्ध हरपते.

गर्भधारणेत या यंत्रणेवर अधिक भार पडतो. शरीरातील अंतःस्रावांच्या प्रभावाने रक्तवाहिन्या सैलावतात. त्यामुळे मधल्या महिन्यांत रक्तदाब काहीसा उतरतो. शेवटच्या तिमाहीपर्यंत रक्ताचे प्रमाण सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते आणि नाडी मिनिटास १० ते २० ठोक्यांनी जलद होते. विसाव्या आठवड्यानंतर उताणे निजल्यास जड झालेले गर्भाशय पोटातील महाशिरेवर दाबते व हृदयाकडे जाणारे रक्त अडते. हा उताण्या स्थितीतील विकार १९५३ साली हॉवर्ड व त्याच्या सहकाऱ्यांनी वर्णिला. कुशीवर, विशेषतः डाव्या कुशीवर, वळताच बहुधा आराम पडतो, तो याच कारणाने.

चेन्नईचे हवामान

चेन्नईसारख्या समुद्रकाठच्या शहरात त्यात आणखी एका कारणाची भर पडते. मे महिन्यात तेथील उष्मा सुमारे ३७ अंशांपर्यंत जातो आणि हवा दमट असल्याने घाम सुकत नाही. शरीर थंड राखण्यासाठी त्वचेतील रक्तवाहिन्या फुगतात, घामावाटे पाणी व मीठ निघून जाते. अशा वेळी मैलापूरच्या कपालीश्वर मंदिरातील गर्दीत, बसथांब्यावर वा रेशनच्या रांगेत बराच वेळ उभे राहिल्यास भोवळ येणे स्वाभाविक आहे. आपल्याकडील डोहाळजेवणासारखा तमिळ घरांतील वळैकाप्पूचा समारंभही, भरपूर पाहुण्यांत व कोंदट जागेत लांबला, तर त्रासदायक होऊ शकतो.

पांडुरोगाकडेही लक्ष

गर्भवतीचे रक्त रक्तद्रवाने अधिक पातळ होते. हिमोग्लोबिन दर डेसिलिटरमागे ११ ग्रॅमच्या खाली गेल्यास पांडुरोग समजतात; त्यानेही थकवा व भोवळ येते. १९२८ पासून मुंबईत ल्यूसी विल्स हिने गिरणीकामगार गर्भवतींमधील तीव्र पांडुरोगाचा अभ्यास केला आणि १९३१ साली यीस्टच्या अर्काने तो बरा होतो असे दाखवले. पुढे त्यातील उपयुक्त घटक म्हणजे फॉलिक आम्ल हे सिद्ध झाले. तिने मद्रासच्या ‘कास्ट अँड गोशा’ रुग्णालयातही काम केले. १८८५ साली स्थापन झालेली ही संस्था आज तिरुवल्लिकेणी येथे कस्तुरबा गांधी रुग्णालय म्हणून ओळखली जाते.

स्वायत्त विकार

काही स्त्रियांत गर्भधारणेपूर्वीच स्वायत्त मज्जासंस्थेचा विकार असतो. त्यांपैकी एकात उभे राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत नाडी ३० ठोक्यांहून अधिक वाढते, पण रक्तदाब फारसा उतरत नाही; छातीत धडधड, थकवा व अंधारी ही त्याची लक्षणे. हे नाव १९९३ साली रूढ झाले. गर्भारपणात काहींचा त्रास कमी होतो, काहींचा वाढतो. अशा स्त्रीने चालू औषधे आपण होऊन बंद करू नयेत. डॉक्टरांकडून त्यांची तपासणी करून घ्यावी.

उपाय

उठताना आधी कुशीवर वळावे, क्षणभर बसावे, पावले हलवावीत व मगच उभे राहावे. एका जागी उभे राहणे टाळावे. पाणी, ताक, कांजी दिवसभर थोडीथोडी घ्यावी आणि उपास करू नये. अन्न एकदम भरपेट न खाता थोडथोडे खावे. रक्तदाब अधिक असल्यास मीठ वाढवू नये. त्याबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. भोवळ येणार असे वाटताच लगेच खाली बसावे वा कुशीवर निजावे. तसे करता न आल्यास पाय एकमेकांत अडकवून मांड्यांचे स्नायू घट्ट आवळावेत.

कोणी बेशुद्ध पडल्यास तिला डाव्या कुशीवर निजवावे, कपडे सैल करावेत, गर्दी हटवावी. शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालू नये. कांदा वा चप्पल हुंगवणे व्यर्थ होय. काही क्षणांत शुद्ध न आल्यास विनाविलंब रुग्णवाहिका बोलवावी.

रुग्णालयात केव्हा न्यावे?

पोटात तीव्र दुखणे किंवा रक्तस्राव असल्यास, विशेषतः आरंभीच्या महिन्यांत, विलंब करू नये. गर्भ गर्भाशयाबाहेर रुजल्यासही मूर्च्छा येते व ती प्राणघातक ठरू शकते. छातीत दुखणे, धाप लागणे, झटके येणे, तीव्र डोकेदुखी, श्रम करताना किंवा निजलेले असता शुद्ध हरपणे, पडून पोटाला मार बसणे अथवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही आढळल्यास तत्काळ तपासणी हवी. क्षणिक मूर्च्छा बाळास सहसा अपाय करीत नाही. परंतु तिचे कारण शोधणे हे आई व बाळ दोघांच्या हिताचे आहे.