मुकाट गवत

धर्मग्रंथांत माणसाच्या आयुष्याला गवताची उपमा दिलेली आढळते: आज हिरवं, उद्या वाळलेलं. पण तेवढ्यात गवत काय काय करून जातं, हेही पाहूया.

कर्नाटकातल्या कुद्रेमुख राष्ट्रीय उद्यानात, सुमारे १,८९० मीटर उंच शिखराकडे धारेवरून जाताना माथ्यावर नुसतं गवत दिसतं आणि घळींत दाट शोला जंगल. इथे पाऊस धो धो कोसळतो. गवताची मुळं माती धरून ठेवतात. पाणी जमिनीत मुरतं आणि हळूहळू झऱ्यांना मिळतं. याच उद्यानात तुंगा, भद्रा आणि नेत्रावती उगम पावतात. नेत्रावती अरबी समुद्राला मिळते, तर तुंगा-भद्रेचं पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला. खाली ओंजळभर पाणी पिणाऱ्याला वरचं गवत ठाऊकही नसतं!

म्हणून तिथे मळलेली वाट सोडायची नाही. एकामागून दहा जण आडवे गेले, की गवत मरतं आणि पुढच्या पावसात माती वाहून जाते.

आपल्या घरात, कामाच्या ठिकाणी असं मुकाट गवत कोण आहे? आपण त्यांना तुडवत तर नाही ना? आज त्यांच्याशी दोन शब्द प्रेमाने बोला.