आधी कॅबिनेट उघड, मग पैसे काढ

परवा लातूरहून भाच्याचा फोन आला. घरचा कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत चहा पिऊन होतो, नवा घेऊ का, असं विचारत होता. नांदेडात माझी हयात ही खोकी उघडण्यात गेली. म्हटलं, लेका, नव्याचं पुढं बघू. आधी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाक. फोनवर सांगितलेलं तो निम्मं विसरणार, म्हणून लिहून ठेवतो.

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, मिनिटाला ५४०० नाहीतर ७२०० फेरे, आणि तिच्यावर हेड इकडून तिकडे पळतं. विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फायली लागतात आणि त्या डिस्कभर विखुरलेल्या असतात. प्रत्येक फायलीपर्यंत पोचायला दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. एसएसडीत हलणारं काहीच नाही, तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात होतं. तुमच्या लातूरच्या गंजगोलाई चौकात मधोमध उभं राहिलं की सोळाही रस्ते सारखेच जवळ, तसं. म्हणून डब्यावरच्या मोठ्या आकड्यांना भुलू नको. साध्या साटा एसएसडीचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास असतो, एनव्हीएमईचा साडेतीन हजार आणि त्याच्याही पुढं. पण अभ्यासाचे व्हिडिओ, टायपिंग, घरचे फोटो एवढ्या कामात दोघांतला फरक डोळ्याला जेमतेम कळतो.

कॅबिनेटची बाजू उघडून मदरबोर्डचा फोटो काढ, मगच दुकानात जा. बोर्डवर एम डॉट टूची आडवी खाच आहे का बघ. असली तरी लगेच हुरळू नको. काही खाचा फक्त साटा घेतात, काही फक्त एनव्हीएमई, आणि दोन्ही पट्ट्या दिसायला बहिणी-बहिणी. बोर्डचं मॉडेल कंपनीच्या साइटवर तपास. खाच नसेल तर अडीच इंची साटा घे. ती साटाची जोडणी असलेल्या कुठल्याही मशीनला चालते, आणि मशीन मेलं तरी केसिंगमध्ये घालून वापरता येते. तुझं मशीन विंडोज ११ घेण्याइतकं नवं नसेल, तर माझं मत साटाच. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा त्या बोर्डावर जास्त पैसा घालण्यात अर्थ नाही.

आकार ५०० जीबी. विंडोजमध्ये ती ४६५ दिसेल, फसवलं म्हणून दुकानदाराशी भांडू नको. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. एसएसडी लिहून लिहून झिजते हे खरं, पण रोज २० जीबी लिहिलंस तरी वर्षाचे सव्वासात टीबी होतात. डब्यावर टीबीडब्ल्यू, म्हणजे एकूण किती टीबी लिहिता येईल तो आकडा, १५० असेल तर वीस वर्षांचं गणित झालं. वॉरंटी तीन किंवा पाच वर्षांची बघ, पक्कं बिल घे. निम्म्या भावात २ टीबी विकणारा भेटला तर पुढं चाल. असली एक मी ऑनलाइन घेतली होती. आत ६४ जीबी निघाली, बाकी आकडा नुसता दाखवायला.

आता बसवणं. मेनची पिन काढ, पॉवर बटण पाच सेकंद दाब, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लाव. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी, अंगातली वीज चिपला बसते. स्क्रू स्टीलच्या वाटीत ठेव. एम डॉट टूचा स्क्रू तिळाएवढा असतो, फरशीवर पडला की गेलाच. ती पट्टी तिरकी घालायची, मग दाबून स्क्रू लावायचा. साटाचं कनेक्टर एल आकाराचं, उलटं बसत नाही. बसेना तर जोर लावू नको, फिरवून बघ.

इथं माझी चूक सांगतो. जुनी डिस्क नवीवर क्लोन करताना मी घाईत सोर्स आणि टार्गेट उलटं निवडलं. कोऱ्या डिस्कची नक्कल भरलेल्या डिस्कवर चढली आणि तुझ्या आईच्या लग्नाचे स्कॅन केलेले फोटो गेले. मूळ अल्बम होता म्हणून वाचलो, तरी ती अजून टोमणा मारते. म्हणून क्लोनआधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर काढ. डिस्कची नावं दोनदा वाच. पहिल्यांदा सुरू करताना जुन्या डिस्कची वायर काढून ठेव, म्हणजे मशीन कशावरून चालतंय याचा घोळ होत नाही.

नंतर डीफ्रॅग करायचं नाही, साफसफाई विंडोज स्वतः करतं. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी सोड. लाईट कधी जाईल नेम नाही, तेव्हा यूपीएसची बॅटरी आधी बदल. लिहिता लिहिता वीज गेली की एसएसडीलाही मार बसतो. आणि फोटोंचा कायमचा साठा एसएसडीवर टाकून ती कपाटात कोंडू नको. वापरून झिजलेली एसएसडी विजेविना वर्षभर पडली तर तिच्यातलं पुसट होऊ शकतं, आणि आपल्या मे महिन्यात ते आणखी लवकर होतं. साठ्याला जुनी हार्ड डिस्कच बरी.

ती जुनी डिस्क मात्र महिनाभर फॉरमॅट करू नको. काही राहून गेलेलं आठवतं ते त्या महिन्यातच. अडलास तर रात्री नऊनंतर फोन कर, त्याआधी माझे हात कुणाच्या तरी कॅबिनेटात असतात.